आळणी

"वन्सं, माझ्या हातचं आता घशाखाली उतरत नाही वाटतं? एका घरात वेगळं पातेलं चढवलंत!" असं म्हणत सुनेत्रानं वाढलेलं ताट मालनपुढून खसकन ओढलं, आणि मालन... मालन नुसती हसली!

काय सांगणार होती ती? डॉक्टरांनी मीठ तोडलं होतं. सुजल्या पावलांवर बोट रुतवून ते म्हणाले होते, "बाई, मूत्रपिंडं बिघडलीत. आजच इस्पितळात दाखल व्हा." पण पाठचा भाऊ जगदीश संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पकडला जाऊन येरवड्याच्या तुरुंगात, आणि पहिलं मूल गमावलेली त्याची बायको सुनेत्रा पुन्हा पोटुशी! लालबागच्या त्या खोलीत तिला कुणाच्या भरवशावर टाकायचं? जगदीश सुटून येऊ दे, मग बघू, असं म्हणत त्या विधवा बहिणीनं आपलं दुखणं पदराआड दडवलं. चेहऱ्यावरची सूज पाहून सुनेत्रा शेजारणीला म्हणाली, "बसून खाऊन अंग धरलंय!" तेही तिनं ऐकलं... आणि मुकाट गिळलं.

मग डोकं ठणकू लागलं. कवटीत कुणी घण घालावेत तसं! एका सकाळी नळावरून घागर उचलता उचलता मालन कोसळली.

शुद्ध आली ती परळच्या इस्पितळात. उजवं अंग लुळं पडलं होतं. उशाशी तेच डॉक्टर सांगत होते, "या दुखण्यात रक्त दाट होतं. मेंदूच्या शिरेत गाठ धरलीय. मीठ तोडायला सांगितलं तेव्हाच दाखल व्हायला हवं होतं."

सुनेत्रा पांढरीफटक पडली. त्याच दिवशी सुटून आलेला जगदीश गळ्यातल्या हारानिशी दारात थिजून उभा होता.

"वन्सं, या पापिणीला क्षमा केली म्हणा! एकदाच म्हणा!"

मालनचं अंतःकरण मायेनं उचंबळून आलं. वेडे, तू तर माझी लेकच... सारं सारं सांगायचं होतं. पण जिभेवर शब्दच येईनात! महत्प्रयासानं एकच बाहेर पडला, "न... नको..."

सुनेत्रानं हंबरडा फोडला. "नको म्हणाल्या! माझं तोंडसुद्धा नको झालंय त्यांना!"

नाही गं, नाही! मालनचा जीव आतल्या आत आक्रंदत होता.

"अगं, रडू नको म्हणतेय ती!" जगदीश घोगऱ्या आवाजात म्हणाला. "आई गेली तेव्हा मला मांडीवर घेऊन हेच म्हणत होती."

मालनचे डोळे भरून वाहू लागले. डावा हात उठला आणि सुनेत्राच्या मस्तकावर विसावला. ते पाहून मात्र जगदीशचा बांध फुटला. "अक्का, मी आलोय गं! बघ ना माझ्याकडे..."

तिला त्यालाही तेच सांगायचं होतं, रडू नको. ओठ हलले... पुन्हा हलले... पण तेवढाही शब्द आता तिच्यापाशी उरला नव्हता.