बदकांची अंडी गेली कुठे?

"मुंगूसच! दुसरं कोण?" नामदेवमामाने जाहीर करून टाकलं.

"मग अंड्याचं एखादं कवच तरी सापडायला हवं ना?" रिद्धीने विचारलं. दिवाळीच्या सुट्टीत ती बोईसरहून मुरब्याला, पुष्पलतामावशीकडे आली होती.

मावशीच्या परसात सहा बदकं होती. पण आठ दिवसांत खुराड्यात एकही अंडं दिसलं नव्हतं!

"नुसती खातात मेली!" मावशी वैतागली. "उद्या महादू टेम्पो घेऊन येतोय. विकून टाकते त्याला सगळी!"

मावशीच्या लेकीच्या, तेजलच्या डोळ्यांत पाणीच आलं. आईने आणलेली ती इवली पिल्लं तिनेच टोपलीत ठेवून वाढवली होती.

"रडू नको गं ताई," तिचा धाकटा भाऊ अंकुश म्हणाला. "आमी चोर पकडतो!"

संध्याकाळी बदकं आत गेल्यावर तिघांनी खुराड्यासमोर चुलीतली राख पसरली. चोर आला, तर पाय उमटणारच!

सकाळी सहाला तिघं परसात धावली. मावशी केव्हाच बंदरावर मासळी घ्यायला गेली होती. खुराडं उघडं! रिकामं! राखेत मुंगसाचा एकही पंजा नव्हता. होते ते बाहेर जाणारे बदकांचे पंजे, आणि मधोमध एका भल्यामोठ्या चपलेचा ठसा!

"मामाची चप्पल!" अंकुश ओरडला. मामा तर ओटीवर घोरत होता.

"पण नऊच्या आत दार उघडायचं नाय, असं आईने त्याला बजावलंय," तेजल म्हणाली. "बदकं पहाटे अंडी देतात ना!"

"म्हणजे आता ती बाहेरच कुठेतरी देत असणार. चला!" रिद्धी म्हणाली.

ओल्या वाळूत पंज्यांची रांग खाडीकडे गेली होती. ती एका मोडक्या होडीपाशी संपली. रिद्धीने होडीवरची ताडपत्री हळूच उचलली.

"पॅक! पॅक! पॅक!"

"आई गं! बोटाला चावलं!" अंकुश किंचाळला आणि लगेच नाचायलाच लागला. जुन्या जाळ्यांच्या ढिगात अंडीच अंडी होती!

नऊच्या सुमारास मावशी परतली. मागोमाग टेम्पोही आला. मामा जांभई देत म्हणाला, "आत्ताच दार उघडलं बघ. अंडं नाय!"

"मामा," रिद्धीने अगदी साळसूदपणे विचारलं, "मग बदकं सहा वाजताच होडीत कशी पोचली?"

"क... कुठल्या होडीत?"

तेजलने भरलेली टोपली पुढे केली. अंकुशने राखेतल्या ठशावर मामाची चप्पल ठेवली. तंतोतंत!

मामाने कान पकडले. "पाचपासून कलकलाट करतात गं! दार उघडलं की निघून जातात, म्हणून... जरा झोप लागते."

"आणि मुंगूस?" मावशीने कमरेवर हात ठेवले.

टेम्पोत बसलेला महादूच आधी खो खो हसला. मग मावशीलाही हसू आवरेना. "महादूभाऊ, रिकामाच जा रे! माझी बदकं कामावर हायत!"

तेजलने पळत जाऊन आईला मिठी मारली.

"शाब्बास गं पोरींनो! अंकुशा, तूपण!" मावशी म्हणाली. "ती अंडी पाण्यात टाकून बघा. तरंगतील ती खराब, फेकून द्या; बाकीच्यांचं कालवण करते. आणि उद्यापासून खुराड्याचं दार तुमच्या ताब्यात. मोठ्या माणसांचा काय भरवसा नाय!"