घंटीचा जवाब

मथुराबाई लोहाऱ्याहून जीपनं आली ती नवऱ्याचं सामान न्यायला. सामान तरी काय, जेवणाचा डबा, चपला आणि एक पितळेची घंटी. घंटी तिच्या माहेरच्या बैलाच्या गळ्यातली. बैल गेला तेव्हा पिराजीनं ती विहिरीच्या कामाला नेली. आणि सतरा दिवसांमागं, ऐन वैशाखात, त्याच विहिरीच्या तळाशी पिराजी सुरुंगात गेला.

जाऊ द्या, माणूस गेला. पण दगडमाती वर ओढणारी यारी ज्याच्या हातात होती तो गौरीशंकर गावभर सांगत सुटला, "त्यानं घंटी वाजवलीच न्हाय. पिऊन उतरला हुता." पिऊन! पिराजीनं जन्मात थेंबाला बोट लावलं नव्हतं. मेलेला उलटून बोलत नाही, म्हणून माणसानं कितीही जीभ सोडावी? मथुराबाईचं डोकं सतरा दिवस तव्यासारखं तापलेलं होतं.

विहिरीच्या कामात बोलणं चालतं ते दोरीवर. चाळीस हात खाली ओरडलेलं वर पोचत नाही. म्हणून एक बारीक दोरी तळापर्यंत सोडायची आणि वरच्या टोकाला घंटी बांधायची. तीन ओढे म्हणजे वात पेटवतो, तयार राहा. वरच्यानं तीन ओढे परत द्यायचे. तो जवाब हाताला लागल्याशिवाय खालचा काडी ओढत नाही. मग दोन ओढे, म्हणजे यारीच्या बादलीतून मला वर घे. माणसाचा सगळा भरवसा तेवढ्या दोरीवर.

सकाळचं ऊन चढत होतं. काम आजपासून पुन्हा सुरू व्हायचं होतं. नवा गडी उत्तरेश्वर विहिरीच्या काठावर बसून तंबाखू मळत होता. यारीचं इंजिन बंद होतं. यारीच्या पायाला घंटी लटकत होती.

"न्या तुमची घंटी," गौरीशंकर तिच्याकडं न बघता म्हणाला.

"नेते. आदी सांगा, वाजली हुती का न्हाय?"

"किती बारी सांगू, बाई? न्हाय वाजली."

मथुराबाईनं गाठ सोडायला हात घातला. गाठ सुटेना. दोरी ताणलेली होती.

घंटी वाजली. एक, दोन, तीन.

उत्तरेश्वरच्या हातातली तंबाखू सांडली. "खाली कोण उतरलंय?"

कुणीच उतरलं नव्हतं. तिघांनी वाकून पाहिलं. सुरुंगानं दोरी अर्ध्यातच जळाली होती. काळं टोक तळापासून वीस हात वर लोंबत होतं आणि खाली नुसता दगड होता. विहिरीतून सुरुंगाच्या जळक्या दारूचा वास येत होता... सतरा दिवसांनी.

परत तीन.

"वारं असंल," गौरीशंकर पुटपुटला. शेजारच्या बाभळीचं पान हलत नव्हतं.

परत तीन.

"जवाब द्या की," मथुराबाई म्हणाली. "त्या दिशी न्हाय दिला. आज द्या."

"दिला हुता!" गौरीशंकरच्या तोंडून निघून गेलं. मग तो खालीच बसला. "दिला हुता, बाई... म्या फोनवर बोलत हुतो. हं हं करता करता हातानं तीन ओढे दिले. सवयीनं. ध्यान न्हवतं माजं."

"मग?"

"मग... फोन नीट ऐकू येईना म्हनून इंजिन बंद केलं."

"आन् दोन ओढे?"

त्यानं विहिरीकडं पाठ फिरवली.

"दोन ओढे आले हुते का?"

"आले. लई बारी आले. इंजिन चालूच हुईना..."

मथुराबाईला वाटलं, याला आत्ता ढकलावं. तिनं दोन्ही मुठी पदरात आवळल्या. "ऐकलंस न्हवं, उत्तरेश्वर? हेच ठाण्यात सांगायचं."

उत्तरेश्वरनं मान हलवली. गौरीशंकरनं हात लांबवला आणि दोरीला तीन ओढे दिले.

सगळं शांत झालं. मग घंटी वाजली. दोन.

"घ्या वर," मथुराबाई म्हणाली.

या बारीला इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं. तारेच्या दोराला ताण आला, इंजिन धापा टाकू लागलं. बादली वर आली ती रिकामी, पण एका अंगाला कललेली, काठावर माणूस उभा असावा तशी. विहिरीच्या कडेला टेकली आणि आपोआप सरळ झाली. गौरीशंकर दोन पावलं मागं सरला. उतरणाऱ्याला वाट द्यावी तसा.

त्यानं ठाण्यात सगळं लिहून दिलं. जामिनावर सुटला. घंटी मथुराबाईच्या दाराला आहे, ती काही पुन्हा वाजली नाही.

लोहाऱ्याच्या जीपला माणसं दाराला लोंबकळत जातात. गौरीशंकर बसला की त्याच्या डाव्या अंगाला एका माणसाची जागा तेवढी मोकळी राहते. तिथं कुणी बसत नाही. आणि तिथली गादी दबलेली असते.