पूर्णपट्टी

सागरतळ केंद्राच्या भिंतीवरची हिरवी रेघ सरळ होती, म्हणून किनाऱ्यावर तीच रेघ बघणारे सगळे निवांत होते. केंद्रात सहा माणसं धापा टाकत होती.

"प्राणवायू एकवीस टक्क्यांवरून सतरावर आलाय, सर," अभियंता रझिया मुकादम म्हणाली. "तीन तासांत चौदा. तिथं डोकं चालेनासं होतं. सुटका-कुपीला इथवर यायलाच दोन तास लागतात."

"मग रेघ हलत का नाही?" केंद्रप्रमुख खानविलकरांनी विचारलं.

"पट्टी शून्य ते शंभर आहे. शंभरात चार कुठे दिसणार? डोळा आकडा वाचत नाही, उतार वाचतो. पट्टी सोळा ते एकवीस धरली, तर हीच रेघ कड्यावरून कोसळेल."

"ते बेकायदा आहे, रझिया."

पूर्णपट्टी कायदा! कंपन्यांनी पट्ट्या कापून लोकांना चिक्कार फसवलं, तेव्हा शहाण्यांनी ठरवलं: प्रत्येक आलेख शून्यापासून, आणि टक्के असतील तर शंभरापर्यंत. मोजा आता तापही शून्यापासून! सदतीस काय नि एक्केचाळीस काय. माणूस मेला तरी रेघ प्रामाणिक.

रझियानं कापलेला आलेख पाठवलाच. किनाऱ्यावरच्या यंत्रानं तो पूर्ण पट्टीवर पुन्हा काढला.

"सरळच तर आहे, मॅडम," ड्यूटीवरचा पोतनीस म्हणाला. "घाबरू नका. पाणी प्या."

"अरे, पाण्याखालीच बसलोय आम्ही!"

खानविलकर भिंतीला टेकून खाली बसले. "ऐंशी केंद्रांच्या रेघा बघतो तो. आपली वाकल्याशिवाय कुपी सोडणार नाही."

रझियाचे ओठ निळसर पडले होते.

"सर, प्राणवायू दाखवायचाच नाही. किती कमी पडला ते दाखवायचं. लिटरमध्ये. तूट शून्यापासूनच सुरू होते, आणि लिटरला शंभराची अट नाही; पट्टी तुटीपुरतीच."

तिनं आलेख पाठवला. माहिती तीच, कायदा शाबूत. रेघ शून्यातून उठली आणि थेट छताला भिडली.

पोतनीस किंचाळला. "बाप रे! कुपी सोडली, मॅडम! एवढं झालं आणि आधी सांगायचं नाही?"

खानविलकरांनी डोळे मिटले. रझिया मात्र माइक सोडेना.

"कुपीत प्राणवायू किती आहे?"

"उत्तम. रेघ एकदम सरळ."

"रेघ नको. आकडा सांग."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि पोतनीस कुणाला तरी दबक्या आवाजात विचारत होता, "ए, आकडा कुठे दिसतो रे?"