झाकण लावून काढलेले फोटो

धूमकेतूला बाउदिलियो भावोजींचं नाव लागणार होतं. त्यांच्या हिशेबात एवढं आधीच जमा झालं होतं. शिवाय पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या खोल्या वर्षभर भरलेल्या, आणि रस्त्यात तोंड फिरवणारा नगराध्यक्ष हातात टोपी घेऊन दारात उभा. खर्चाच्या बाजूला त्यांनी काहीच मांडलं नव्हतं. रोसामेल तर मेलाच होता.

हे घडलेलं आहे. आन्दाकोयोच्या माउलीची शपथ घेऊन सांगते, मी तिथे होते. जानेवारीतला रविवार, चिलीतलं एल्की खोरं, माझ्या बहिणीचं स्वयंपाकघर.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

म्हणून तर अजून दुपारचीसुद्धा भीती वाटते...

रोसामेल म्हणजे शाळेची बस चालवून निवृत्त झालेला एकटा माणूस. दम्याचा. श्वास घेताना त्याच्या छातीत शीळ वाजायची. रविवारी आमच्याकडे जेवायचा आणि रात्री टेकडीवर आकाशाचे फोटो काढायचा. त्या फोटोंत त्याला तीन रात्री एक पुसट डाग सरकताना दिसला. नवा धूमकेतू! आनंदाच्या भरात त्याने कुणाला सांगितलं? आमच्या भावोजींना. बिचारा हिशेबात कच्चा.

पुढच्या रात्री दोघं मिळून टेकडीवर गेले. तिथे रोसामेलला दम्याचा झटका आला.

हे भावोजींनीच सांगितलं. प्रेताशेजारी बसून, अगदी सहज.

"'दिवे लाव बाउदिलियो, मला खाली ने' म्हणत होता. पण फोटो चालू होता ना, चांगला काही मिनिटांचा! गाडीचे दिवे लावले असते तर सगळं पांढरं झालं असतं. म्हटलं, थांब जरा."

तो थांबला.

कायमचा.

त्याला पुरल्यानंतरच्या रविवारी भावोजी त्याचाच कॅमेरा घेऊन स्वयंपाकघरात शिरले आणि फ्रीज उपसायला लागले. कलिंगड बाहेर. बकरीच्या दुधाचं चीज बाहेर.

"अहो, नासेल ना ते!" ऑर्तेन्सियाताई ओरडली.

"नासू दे. डार्क फ्रेम काढायच्यात."

"त्या टेकडीवर काढतात ना?" मी विचारलं. "की आता टेकडीवर जायला नको वाटतं, भावोजी?"

"नेल्दा, तुझी जीभही ठेव फ्रीजमध्ये, जरा गार होईल. रात्रीइतकी थंडी मिळाली की झालं. मग दुपार काय आणि टेकडी काय."

काम तसं सोपं. लेन्सवर झाकण लावायचं, आणि आकाशाचा फोटो जितका वेळ चालला तितकाच वेळ, तितक्याच थंडीत, नुसत्या काळोखाचा फोटो काढायचा. त्यातही लाल-निळे ठिपके येतात. ते कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष. आकाशाच्या फोटोतून ते वजा केले की उरतं ते खरं आकाश. असे साफ फोटो पाठवल्याशिवाय भावोजींना धूमकेतूवर हक्क सांगता येत नव्हता. आणि दुसऱ्या कुणी आधी पाठवले तर सगळंच हातचं जाणार होतं.

"म्हणजे आधी आपली घाण मोजायची," मी म्हटलं.

भावोजींनी कॅमेरा आत ठेवला. फ्रीजचं दार लावलं.

आतून कॅमेऱ्याचा आवाज आला. खट्.

काही मिनिटांनी पुन्हा... खट्.

आम्ही बहिणी मक्याची कणसं सोलत होतो. मध्येच फ्रीजची मोटर थांबली. घर एकदम शांत झालं.

आणि त्या शांततेत...

शीळ.

बारीक. आत ओढलेली... मग हळूच सोडलेली.

ताईच्या हातातलं कणीस खाली पडलं. "ऐकलंत?"

"दाराचं रबर सैल झालंय. हवा जातेय," भावोजी म्हणाले.

पण दाराकडे बघत नव्हते.

फोटो झाले. कॅमेरा बाहेर आला. भावोजींनी टेबलावरच्या कॉम्प्युटरवर वजाबाकी केली, आणि धूमकेतू गेला. तिन्ही रात्रींच्या फोटोंत, जिथे तो डाग होता, बरोबर तिथे काळं भोक.

त्यांनी काळोखाचे फोटो उघडून पाहिले.

झाकण लावून, बंद फ्रीजमध्ये काढलेले फोटो. आणि त्यात तीन पुसट डाग... चमकत होते.

"म्हणजे धूमकेतू आमच्या फ्रीजमध्ये होता म्हणायचा!" मी हसायला गेले. हसू आलंच नाही.

भावोजींनी झाकणावर काळी चिकटपट्टी गुंडाळली. त्यावर ताईची सुतकातली काळी शाल. कॅमेरा पुन्हा आत.

खट्... खट्... खट्...

या वेळी डाग नव्हते. दोन गोल दिवे होते, शेजारी शेजारी. पहिल्या फोटोत मोहरीएवढे. पुढच्यात वाटाण्याएवढे. त्याच्या पुढच्यात...

"हे गाडीचे दिवे आहेत," ताई म्हणाली. "अहो, हे आपल्याकडेच येतायत."

भावोजी फ्रीजकडे वळून ओरडले, "मेलास तरी हट्ट सुटत नाही तुझा? देणार नाही मी! माझंच नाव लागेल त्याला!"

त्यांनी कॅमेऱ्यातली बॅटरी उपटली आणि टेबलावर आपटली.

कॅमेरा टेबलावर. बॅटरी टेबलावर. फ्रीज रिकामा.

आणि रिकाम्या फ्रीजमधून...

खट्.

"उघडू नका!" ताई किंचाळली. त्यांनी दार उघडलं.

त्या फ्रीजचा बल्ब हिवाळ्यातच गेला होता. ताई रोज बदला म्हणायची, भावोजी रोज उद्या म्हणायचे.

पण उजेड आला. इतका पांढरा की मी हातांनी डोळे झाकले, तरी बोटांतली हाडं दिसली.

मग विझला.

भावोजी तसेच उभे होते. दाराला धरून.

"ऑर्तेन्सिया... दिवे लाव."

टेबलावर ऊन पडलं होतं. कणसांचे दाणे चमकत होते.

"दिवे लाव गं! मला खाली ने!"

ला सेरेना शहरातले डॉक्टर म्हणतात, डोळ्यांत काही दोष नाही. भावोजी म्हणतात, सगळा काळोख आहे आणि त्यात लाल-निळे ठिपके. मान कुठेही वळवली तरी ठिपके त्याच जागी. हल्ली त्यांतले दोन शेजारी शेजारी आलेत म्हणतात.

आणि रोज थोडे मोठे होतायत...

फोटो कुठेच पाठवले गेले नाहीत. धूमकेतू पुढे परक्या देशातल्या कुणाला तरी दिसला, त्याचंच नाव लागलं. रोसामेलचा श्वास गेला, भावोजींची नजर गेली. दोन दिवे अजून येतायत म्हणजे वसुली पुरी झालेली नाही, एवढं मला कळतं.

पण ताईच्या नावावर कसलं देणं होतं? तिच्या खोल्या बंद पडल्या. रोज रात्री भावोजी ओरडतात, "दिवे लाव!" ताई उठते. उपयोग नाही हे माहीत असूनही घरातला एकेक दिवा लावते. "थांबा जरा" असं एकदाही म्हणालेली नाही.

फोटो त्यांचा, सूड रोसामेलचा.

फेडतेय ती.