चारशे तेरावी नोंद

हरवलेल्या माणसांची नोंद ठेवणाऱ्या त्या कचेरीत सगळे तिला शोधताई म्हणत. शोधाचा सर्व्हर तिच्या ताब्यात होता. कुणी खिडकीवर येऊन नाव, वय, अंगावरचे कपडे सांगितले की तो सूची चाळून उत्तर देई. बहुतेक वेळा ‘नाही’ असंच. त्याच सूचीत तिचा धाकटा भाऊ होता. नऊ वर्षांपूर्वी, थंडीतल्या एका दुपारी सायकल घेऊन बाहेर पडला, तो परत आलाच नाही.

त्या दिवशीचं काम तसं साधं होतं. बेवारस सापडलेल्या मृतांची नवी सूची हरवलेल्यांच्या जुन्या सूचीशेजारी उभी करायची. जुनीला धक्का लावायचा नाही, तिच्यावरचा शोध क्षणभरही थांबवायचा नाही. नव्या नोंदी कागदांशी जुळल्या की मगच दोन्ही जोडायच्या.

कागद चारशे बारा होते. सर्व्हर चारशे तेरा दाखवत होता.

तिने नवी सूची पुसून पुन्हा भरली. चारशे तेराच. जास्तीच्या नोंदीला ना क्रमांक, ना तारीख. नुसती एक ओळ होती: राखाडी स्वेटर, डाव्या कोपरावर निळ्या लोकरीचा रफू.

भाऊ त्या दुपारी हाच स्वेटर घालून गेला होता. रफू करताना राखाडी लोकर संपली म्हणून आईने निळी वापरली होती.

“जुनीतलं नवीत सांडलं असेल,” शेजारच्या टेबलावरचा म्हातारा कारकून म्हणाला.

“जुनीत रफू लिहिलेलाच नाही, काका. आई सांगायला विसरली होती…”

तिने जुन्या सूचीवरच्या शोधांची यादी उघडली. जेवणाच्या सुट्टीत खिडक्या बंद असत, म्हणून त्या वेळची पानं कधी कुणी पाहत नसे. रोज एक वाजून सतरा मिनिटांनी एक शोध झाला होता. शब्द एकच: तायडे. या नावाने तिला हाक मारणारा जगात एकच होता. आणि प्रत्येक शोधाखाली उत्तर होतं, ‘नाही’. नऊ वर्षं तो तिला शोधत होता आणि तिच्याच सर्व्हरने त्याला रोज हात हलवत परत पाठवलं होतं. ती टेबलावर डोकं ठेवून रडली.

“जोडू नकोस गं आज…” काका हळूच म्हणाले.

“चारशे बारा घरं वाट बघतायत.”

तिने सूची जोडल्या.

संध्याकाळी आईने नेहमीसारखं विचारलं, “आज काही?”

“नाही गं.” खरं सांगायचं तिच्या अगदी जिवावर आलं.

दुसऱ्या दिवशी एक वाजून सतरा मिनिटांनी ती पडद्यासमोर बसली होती. शोध आला. शब्द बदलला होता: आई. खाली, पहिल्यांदाच, उत्तर मिळालं होतं. आईने नऊ वर्षांपूर्वी दिलेल्या तक्रारीतला घरचा पत्ता.

तिने घरी फोन लावला.

“अगं, धर जरा,” आईचा आवाज आनंदाने कापत होता. “दारात सायकलची घंटा वाजतेय.”

“आई, उघडू नकोस… आई…”

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. मग कडी वाजली. आणि मग लांबून, लाडाने, आईचे शब्द आले.

“रफू अजून टिकलाय की रे… पण हात किती गार पडलेत तुझे.”