जप्तीतली नाव

"तोंडाला रुमाल बांधा, कारकून. आतली बुरशी उडंल."

गोदाकाठच्या गळक्या छपरीत उमाजीला आधी आवाज आला, मग ती दिसली... पदर खोचलेला, हातात दाभण, नजर सरळ.

"तुमी कोण?"

"नावाडी सटवाजीची लेक मनकर्णा. ही आमची नाव."

त्यांचीच होती. अठ्ठेचाळीसात निजामाच्या पोलिसांनी जप्त केली. तळातलं पाणी न उपसताच वर ताडपत्री आवळली आणि गाठीवर लाखेची मोहोर ठोकली. निजाम गेला, कचेरीतल्या खुर्च्यांवर नवी माणसं बसली, पण ती मोहोर फोडायची छाती एकाचीही झाली नाही. दोन पावसाळे पाणी आत झिरपत राहिलं. घरात सटवाजी कोळी हातावर हात धरून बसला. आणि आता चुडाव्याहून नोकरीवर आलेल्या उमाजीच्या खिशात हुकूम होता : नाव निकामी लिहा, जळणात काढा. त्यानं तो वाचून दाखवला.

"न उघडताच निकामी? तुमच्या सायबाला सपान पडलं व्हय?"

उमाजीनं तिच्याकडं पाहिलं. मग दगड उचलून मोहोर फोडली.

आत हिरवंकाळं पाणी, फळ्यांवर बोटभर बुरशी, आणि वास... उमाजी चार पावलं मागं सरला. ती सरळ त्या पाण्यात उतरली. दाभण टोचत, कान देत ती फळी फळी तपासत गेली.

"सागवान हाय. वरून सडल्यावानी दिसतंय, आतून शाबूत हाय. धा दिवस द्या."

"पाच."

"तुमच्या भोळ्या तोंडाकडं बघून आठ."

तिनं पाणी उपसलं, विटकरीनं फळ्या घासल्या, राख चोळली, लिंबाच्या पाल्याचा धूर दिला. कचेरी सुटली की उमाजी हजर. एकदा त्यानं मदत म्हणून छपराचा कूड काढून ऊन आत घेतलं.

"लावा तो कूड परत! उन्हानं फळ्या चिरतात. सावलीत वारं खाऊ द्या तिला."

असं बोलणं कचेरीत कुणी ऐकवलं असतं तर तो चिडला असता. इथं तो हसला. अक्षर न शिकलेल्या त्या पोरीएवढं लाकूड कळणारा एक तरी माणूस त्या कचेरीत होता का? एकही नाही. (दोघांची जात एकच, हेही सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्यांचा जीव त्यातच अडकायचा.)

आठव्या दिवशी सकाळी नाव गोदेत ढकलली आणि सांध्यासांध्यातून पाणी आत आलं. पाहणीला आलेला साहेब काठावरून ओरडला, "गळतेय! लिहा निकामी."

"आठ दिस वाऱ्यावर सुकून तहानलीय, सायेब," मनकर्णा म्हणाली. तिनं नावेचा काठ घट्ट धरला. "पाणी पिऊन लाकूड फुगंल, फटी मिटतील. दिस कलूस्तर थांबा..."

साहेबानं कागद पुढं केला. उमाजीनं टाक खिशात खोचला आणि नावेत जाऊन बसला.

"पवायला येतं का?" तिनं हळूच विचारलं.

"न्हाई."

पाणी घोट्यापर्यंत चढलं. दोघं उपसत राहिले. दुपारी धार बारीक झाली... ऊन कललं तेव्हा थांबली. साहेबानं मुकाट्यानं 'चालू' लिहून सही केली आणि निघून गेला.

"भ्यालात न्हाई?"

"लय भ्यालो."

"मग बसलात कशाला?"

"नाव जळणात गेली असती तर... हितं यायला मला सबब काय उरली असती?"

तिनं ओंजळभर गोदा त्याच्या तोंडावर मारली, मग मान फिरवून वल्हं उचललं.

"उद्या घरी या, माझ्या बापाला इचारायला. पण आधी पवायला शिका. बुडणारा जावई आमच्यात चालत न्हाई."