एकच तर क्लँप नेला!

"हलू नकोस गुंडा! तुझ्या पाठीवर काहीतरी आहे!" शालू ओरडली.

चिंचेच्या फांदीवर चढता चढता गुंडा जागीच थबकला. तोंडातला गूळ तोंडातच राहिला. "इच्चू हाय का गं?"

"इच्चू कुठला? डाग हाय डाग!" भाऊसोनं खालून निकाल दिला. "तांबडाभडक! सदरा धुतलास का रंगपंचमी खेळलास?"

"खोटं! कालच आयनं धुतलाय!"

"मग नीट धुतला नाही," शालू म्हणाली. "आणि तू खाली उतर बघू. फांदी तुझ्यापेक्षा लहान आहे."

शालू सांगलीची, विश्रामबागेत राहणारी. सातवीची परीक्षा संपली, त्याच दिवशी तिनं दप्तर माळ्यावर फेकलं आणि एस.टी.नं मामाचा मळा गाठला. कुंडलच्या अलीकडे पाचसहा घरांची ही वस्ती. भाऊसो तिचा मामेभाऊ, तिच्याहून वर्षानं लहान आणि ते मुळीच न मानणारा. गुंडा शेजारच्या घरातला. त्याच्या खिशात कायम गूळ-शेंगदाणे असत, आणि तो खिसा कुणालाही दाखवत नसे.

आज विहिरीत पोहायचा बेत होता. पण सकाळपासून कुणाचं कशात चित्तच लागत नव्हतं. वारा पार पडला होता. अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या. पलीकडच्या पडीक रानात बसवलेली मेंढरंसुद्धा उगाच इकडून तिकडे सरकत होती. आणि पोहण्यात सगळ्यांना हरवणारी, त्या मेंढरांच्या धनगराची पोरगी हरणा अजून आली नव्हती.

"अशी कशी आली नाही ती?" शालूनं विचारलं. तेवढ्यात द्राक्षाच्या बागेकडून मोठा आरडाओरडा ऐकू आला. तिघंही धावत सुटले.

हरणाच्या पालापुढे वस्तीतली सगळी मोठी माणसं गोळा झाली होती. मधोमध शालूचे मामा लालासाहेब कमरेवर हात ठेवून उभे होते. पायाशी एक गठुडं सोडलेलं पडलं होतं. घोंगड्या, ॲल्युमिनियमची पातेली, बाजरीची पिशवी, सगळं मातीत विस्कटलं होतं. हरणा एकेक भांडं उचलून पुसत होती. तिचा बाप ज्योतिबा मात्र काही उचलत नव्हता. तो काठीवर दोन्ही हात टेकून लालासाहेबांकडे टक लावून बघत होता.

"सापडलं काय?" त्यानं विचारलं.

"इथं कशाला सापडतंय? भंगारवाल्याला इकून मोकळा झाला असशील!" लालासाहेब गरजले. "बांधाकडच्या वळीतलं किलांप एकेक करून गायब! आनि बांधापलीकडं कोन ऱ्हातंय? तू! मी टरक ठरवायला तासगावला चाललोय. संध्याकाळच्या गाडीनं परत येस्तवर तुझं पाल उठलेलं पायजे. हुकूम हाय माझा!"

"मी चोर न्हाई."

"ते वाटंवरल्या लोकांना सांग!"

लालासाहेब तरातरा घरी गेले, खाकी कोट चढवला आणि निघाले. कोटाशिवाय ते वस्तीबाहेर पाऊल टाकत नसत, मग कितीही उकडो! लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. सिग्नल्स पथकात सगळी उमर टेलिफोनच्या तारा जोडण्यात गेली. पेन्शनीत आल्यावर त्यांनी वस्तीतली पहिली द्राक्षबाग लावली, तीही बिनबियांच्या नव्या द्राक्षांची. दगडी खांबांवर तारांचा मांडव घातला आणि तारा जोडायला मिरजेहून क्लँप बनवून आणले. क्लँप म्हणजे काय, तर बोटाएवढ्या दोन लोखंडी पट्ट्या, आत तारेपुरती खाच आणि मधे एक नट-बोल्ट. तारांची दोन टोकं खाचेत धरायची, पान्यानं नट आवळायचा, की तार हलायची नाही. एकेका जोडाला असे दोन क्लँप. लालासाहेबांचा त्यांच्यावर भारी जीव. त्यांनी स्वतः बसून प्रत्येकाला तांबडा रंग दिला होता.

गर्दी पांगली. हरणा भांडी भरू लागली तशी शालू तिच्याजवळ जाऊन बसली.

"हरणा, जाऊ नका तुम्ही."

"न जाऊन काय करावं?" हरणाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. "आमी आटपाडीकडनं हितवर चालत येतो. दर साली. ज्याच्या रानात मेंढरं बसत्यात त्याला खत घावतंय, आमाला दानं घावत्यात. आता चोर म्हनून नाव झालं, तर वाटंवरचा कोन आमाला रानात बसू देईल? सांग की!"

शालूला मामाचा भयंकर राग आला.

"आनि आमाला किलांप कशाला रं?" हरणा भाऊसोकडे वळली. "आमच्या पालाला तार तरी हाय काय कुठं? समदं लोकरीच्या दोरीवर!"

भाऊसो मान खाली घालून उभा होता. बाप त्याचा होता ना!

"बागेत जाऊन बघू या," शालू एकदम उठली. "मामांनी झडती घेतली. तपास कुठं केलाय?"

चौघंही तिकडे गेले. बांधाकडची ओळ पायवाटेला लागूनच होती. मांडवाला हिरवे-पिवळे घड नुसते लगडले होते. शालूनं तारेचा एक जोड चाचपला. दोनातला एकच क्लँप होता. पुढच्या जोडालाही एकच. त्याच्या पुढेही तेच! तार सैल पडून ओळ मधेच खाली झुकली होती.

"भाऊसो, हे बघ! माझी बोटं!"

शालूची बोटं तांबडी झाली होती.

"व्हय, रंग सुटतोय," भाऊसो म्हणाला. "रंग पुरंना म्हनून आबांनी त्यात डबाभर राकेल वतलं. तवापासनं हात लागला की रंग हाताला."

शालूनं बोटांकडे पाहिलं. मग तिनं गुंडाचा खांदा धरून त्याला गर्रकन फिरवलं. तांबडा डाग! हुबेहूब तोच!

"गुंडा, तुझा सदरा कुठं वाळत घातला होता?"

"परड्यात. तारंवर." बोलता बोलता गुंडाचा चेहरा पडला. "आयला... माझी आय!"

चौघंही गुंडाच्या परड्यात पोचले. कपडे वाळत घालायची तार तुटली होती आणि कुणीतरी ती पुन्हा जोडली होती. जोडावर ऐटीत बसला होता तांबडा क्लँप!

गुंडाची आई रंगुबाई शेण्या लावत होत्या. गुंडानं त्यांना सरळच विचारलं, "आय, तू चोर हायस काय?"

"मुडद्या, चोर कुनाला म्हनतोस?" रंगुबाईंचा हात शेणासकट वर गेला. "एकच तर किलांप न्हेला! पाडव्याला सगळ्यांम्होरं लालासाहेबांनीच काढून दावला न्हवं? 'एक काढला तरी मांडव जागचा हलत न्हाई,' म्हनालं. तारंला पोतं बी लटकावून दावलं!"

"मग सकाळी बोलला का नाहीत?" शालूनं विचारलं. "ज्योतिबाकाकांचं सामान मातीत पडलं, तेव्हा तुम्ही तिथंच होतात!"

रंगुबाईंनी हात खाली घेतला. "मी एकच न्हेलाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "म्हटलं, बाकीचं त्यानंच न्हेलं असतील."

परड्यातून बाहेर पडल्यावर हरणा म्हणाली, "एक घावला. बाकीचं कुठं हायती?"

शालू चालता चालता थांबली. तिला पलीकडच्या आकारामआप्पांच्या घरावर रेडिओची तार दिसत होती. तारेच्या मधोमध काहीतरी तांबडं चमकत होतं.

"एक तिथं आहे!" ती म्हणाली. "अगं, मामांची ती बढाई काय एकट्या रंगुकाकूंनीच ऐकली असेल? 'सगळ्यांम्होरं' दाखवला म्हणाल्या ना त्या! प्रत्येकानं एकेकच नेलाय!"

"आमचं घर सोडून हां!" भाऊसो ठसक्यात म्हणाला. मग त्याला काय आठवलं कोण जाणे, तो धावत घरात गेला आणि थोबाड लांब करून परत आला. "आईचं दुधाचं शिंकं... तांबड्या किलांपावर टांगलंय."

हरणा खदखदून हसली. सकाळपासून पहिल्यांदाच!

पण हसून भागण्यासारखं नव्हतं. आकारामआप्पांकडे क्लँप मागितला, तर ते म्हणाले, "बातम्या हुंदेत, मग बगू." दुसऱ्या एका घरात "मोठ्यांच्या मधी बोलू नगं" असं ऐकावं लागलं. भाऊसोच्या आईनं तर मांजराचं कारण सांगितलं. इकडे पश्चिमेला काळंभोर आभाळ चढत होतं. वळीव येणार हे उघड दिसत होतं. ज्योतिबानं पालाचे खुंट उपसायला घेतले होते.

"मागून द्यायचे नाहीत हे लोक," शालू दात-ओठ खात म्हणाली. "न मागता द्यायला लावू या. गुंडा, तुझा आवाज सगळ्यांत मोठा ना?"

"व्हय! पन गूळ खाल्ल्यावर!"

"मग खा आणि धावत सुट! ओरडायचं, की मामा वाटेतूनच परत फिरले आणि आता घरोघर झडती घेणार!"

गुंडानं उरलेला सगळा गूळ एकदम तोंडात कोंबला. पुढच्या घटकेत वस्तीत त्याचा आवाज दणाणला. "झडती! झडती येतीया! लालासाहेब घराघरात शिरून बगनार हायती! चूलबी सोडायचं न्हाईत!"

बाकीचे तिघं मांडवाखाली वेलाआड दडून बसले. पहिल्यांदा आल्या रंगुबाई. पदराखाली हात, इकडेतिकडे नजर. जोडापाशी येऊन त्यांनी तार चाचपली. तेवढ्यात पलीकडून आकारामआप्पा वाकून आले, ते थेट रंगुबाईंसमोरच उभे राहिले.

"आप्पा, तुमी?"

"मी... द्राक्षं बगायला आलतो!"

"हातात पाना घेऊन?"

त्यांच्या मागून गुंडाचे वडील नाथाजी आले. त्यांनी मोटेच्या दोराला लावलेला क्लँप काढून आणला होता. मग आणखी दोघंतिघं. आणि शेवटी हातात क्लँपसकट शिंक्याची तार घेऊन भाऊसोची आई राहीबाई! सगळे एकमेकांच्या मुठींकडे बघू लागले.

"मला वाटलं, मी एकट्यानंच न्हेलाय," नाथाजी पुटपुटले.

शालू वेलाआडून बाहेर आली. "सगळ्यांनी एकेक नेला. ज्यांच्या घरात एकही नाही, त्यांचीच तेवढी झडती झाली!"

आणि तेवढ्यात वारा सुटला!

धुळीचा लोट मांडवावर येऊन आदळला. अख्खी ओळ हेलकावली. 'कर्र कर्र' करत एका जोडातून तार सरकू लागली आणि घडांनी लगडलेला मांडव माणसांच्या डोक्यांवर उतरायला लागला.

"पडला! मांडव पडला!" भाऊसो किंचाळला.

"बा!" हरणा बांधाकडे तोंड करून जीव खाऊन ओरडली. "बा, ये रं!"

ज्योतिबानं वळून पाहिलं. त्याचं गठुडं बांधून तयार होतं. क्षणभर तो हलला नाही. मग त्यानं वाघरीच्या, म्हणजे मेंढरांभोवती लावायच्या जाळीच्या, काठ्या खांद्यावर घेतल्या आणि बांध ओलांडून मांडवाखाली घुसला. एक काठी इथं लाव, दुसरी तिथं, असा भराभर त्यानं तारेला टेका दिला. काठ्या संपल्या तशी त्यानं मधला जोड स्वतःच्या खांद्यावर घेतला.

"बगत काय बसलायसा? आवळा की!" तो ओरडला.

मग एकच धांदल उडाली. नाथाजी तार ओढून धरत होते, भाऊसो क्लँप बसवत होता, आकारामआप्पा पाना फिरवत होते, रंगुबाई नट शोधत होत्या. टपोरे थेंब पडायला लागले. गुंडा सगळ्यांना सूचना देत फिरत होता आणि कुणीही त्या ऐकत नव्हतं. एकेक जोड घट्ट होत गेला. राहिला फक्त ज्योतिबाच्या खांद्यावरचा.

"किलांप द्या!" भाऊसो ओरडला.

कुणाकडेच क्लँप नव्हता!

"एक कमी हाय! अजून कुनी दडवलाय?"

त्याच वेळी पायवाटेवरून लालासाहेब धापा टाकत आले. आभाळ बघून ते तासगावहून मिळेल त्या गाडीनं परतले होते. मांडवाखालची गर्दी, भिजलेली माणसं, आणि आपल्या बागेचं ओझं खांद्यावर घेऊन उभा असलेला ज्योतिबा! त्यांना काही समजेचना.

"आबा, एक किलांप कमी पडतोय!" भाऊसोनं सांगितलं.

"काय? कुनाकडं हाय?" लालासाहेब कडाडले. "फौरन काढा! चोर कुठलं!" तोंडावरचं पाणी पुसायला त्यांनी रुमालासाठी कोटाच्या खिशात हात घातला, आणि तो हात तिथंच अडकला.

हळूच त्यांनी मूठ बाहेर काढली. मुठीत क्लँप होता. तांबडा.

"पाडव्याला ह्योच कोट घालून काढून दावलासा, त्योच न्हवं का?" रंगुबाई म्हणाल्या. "परत कवा लावलाच न्हाई जनू."

लालासाहेबांनी क्लँप स्वतःच्या हातानं बसवला आणि नट आवळला. तेव्हा कुठे ज्योतिबा तारेखालून बाजूला झाला. त्याच्या खांद्यावर तारेचा खोल वळ उठला होता.

"सकाळी माझं गठुडं सोडलंसा, तवा ही समदी हुती," तो म्हणाला. "आत्ताबी समदी हायती. बोला आता."

लालासाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली. "ज्योतिबा, चूक माझी हाय. तू चोर न्हाईस. ह्यो पयला किलांप मी काढला आनि नाव तुझं घेतलं. वाटंवरल्या गावात बी मीच जाऊन सांगनार."

एवढंच बोलून ते बांधाकडे गेले. त्यांनी ज्योतिबाचं बांधलेलं गठुडं उचलून डोक्यावर घेतलं आणि भर पावसात, सगळ्या वस्तीदेखत, पालाच्या जागेवर नेऊन ठेवलं. मग तिथंच बसून ते खुंट ठोकू लागले. थोडा वेळ बघून ज्योतिबा त्यांच्याजवळ गेला.

"खुट तिरका ठोकायचा असतोय, हवालदार," तो म्हणाला आणि दुसऱ्या बाजूनं दोरी धरली.

पाऊस ओसरल्यावर लालासाहेबांनी मुलांना बोलावलं. पोरं घाबरतच पुढे आली. झडतीची थाप लालासाहेबांना कळली होती!

"माझ्या नावानं खोटा हुकूम कुनी सोडला?"

"मी," शालू म्हणाली.

"शाब्बास!" लालासाहेबांनी तिची पाठ थोपटली. "मी झडती घेतली आनि गडी चुकीचा धरला. तुमी झडती घेतलीच न्हाई आनि सगळी वस्ती पकडली! लय भारी काम केलंसा, पोरांनो!" आणि त्यांनी मांडवातला पहिला पिकला घड कापून हरणाच्या हातात दिला.

हरणानं चौघांत द्राक्षं वाटली. गुंडाला थोडी जास्तच मिळाली, कारण तो तोंड पसरून उभा होता. मग ती पालात गेली आणि लोकरीची एक लांबलचक दोरी घेऊन थेट रंगुबाईंच्या परड्यात पोचली.

"घ्या काकू, हिच्यावर कापडं घाला," ती म्हणाली. "हिला किलांप लागत न्हाई."